विहिरीचं माप

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धन, दिवेआगरकडच्या नारळ-सुपारीच्या वाड्या एका दिवसात आडव्या झाल्या. त्याच पट्ट्यातल्या एका गावात अशी एक मोडलेली वाडी पुढच्या वर्षी पुण्याच्या अण्णांनी घेतली. निवृत्तीनंतर माईंसह तिथेच राहायचं, निसर्गाला धक्का न लावणारं घर बांधायचं आणि भाजी-फळं वाडीतलीच खायची, असं दोघांनी ठरवलं होतं. आराखडा अण्णांनी मन लावून काढला होता. छपरावर सौर पॅनेल, मागे गांडूळखताचे वाफे, पश्चिमेला मोठ्या काचेच्या खिडक्या, बागेला ठिबक सिंचन. आणि या सगळ्याला पाणी पुरवायला बोअरवेल.

शेजारच्या वाडीतल्या मावशींनी कागद निरखून पाहिला. “चांगलं आहे हो. पण बोअर मारायच्या आधी एक पावसाळा आणि एक उन्हाळा इथे काढा. माझी पडवी रिकामीच आहे.”

अण्णांना हे उगाच लांबण वाटलं. माईंनी मात्र पिशव्या पडवीत नेऊन ठेवल्या.

जूनमध्ये नैऋत्येचा वारा सुटला. तिथे पाऊस वरून कमी आणि समोरून जास्त येतो. मावशींनी पडवीच्या पश्चिम अंगाला झावळ्यांची झडप का बांधली, ते पहिल्याच रात्री कळलं आणि काचेच्या खिडक्या कागदावरून गेल्या. खाऱ्या हवेने नव्या लोखंडी बिजागऱ्या दिवाळीपर्यंत गंजल्या. वाडीच्या समुद्राकडच्या कडेला उंडीची जुनी रांग होती. वादळात जे माड वाचले, ते बहुतेक तिच्या आडोशाचे होते. समुद्र दिसावा म्हणून अण्णा नेमकी तीच रांग काढणार होते. माईंनी पेन्सिल घेतली आणि उंडी पुन्हा जागच्या जागी काढली.

वैशाखात मावशी दोघांना दोन विहिरींवर घेऊन गेल्या. आधी त्यांची स्वतःची, मग पुळणीजवळची, कोणी न वापरणारी. पहिलीचं पाणी गोडं होतं. दुसरीचं तोंडात धरवेना.

“ही माझ्या लग्नात गावातली सगळ्यात गोड विहीर होती,” मावशी म्हणाल्या. “मग मोठा पंप बसला. उन्हाळाभर रात्रंदिवस चालायचा. तिसऱ्या वर्षी माड पिवळे पडले.”

किनाऱ्याच्या जमिनीखाली पावसाचं गोडं पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं असतं. समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल, तर त्याच्या भाराने खाली साधारण ४० फूट गोडा थर टिकतो. म्हणजे उपसून पातळी फूटभर उतरवली, की खारं पाणी खालून साधारण ४० फूट वर चढू पाहतं. खोल बोअर तर थेट त्या खाऱ्याच्या अंगावरच जाते. अण्णांचा हेतू खरा होता, याबद्दल मला शंका नाही. पण किनाऱ्यावर घर बांधणारा छपराकडे जेवढं बघतो तेवढं जमिनीखाली बघत नाही, आणि तिथलं खरं भांडवल तर तिथेच साठलेलं असतं.

त्या रात्री अण्णांनी नवा हिशेब मांडला. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, १०० चौरस मीटर छप्पर: तीन लाख लिटर पाणी. हे सगळं पन्हळीतून, वाळू-खडीच्या गाळणीतून वाडीतल्याच विहिरीकडे वळवायचं. विहिरीतून रोज काय काढायचं ते काठावरच्या खुणेने ठरवायचं. पाणी खुणेखाली गेलं की रहाट थांबला. घर त्या पाण्याला झेपेल एवढंच, जांभ्या चिऱ्याचं, कौलारू, उंडीच्या मागे. लॉन रद्द. माडांच्या आळ्यांत ओल धरायला नारळाची सोडणं पुरायची, माडांखाली मिरी आणि जायफळ, मोरीचं पाणी अळूला आणि केळींना. सौर पॅनेल मात्र राहिले, पूर्वी ठरवले होते त्याच्या निम्मे.

पहिल्या वर्षी विहिरीचा गाळ काढला, उंडीची रोपं लावली. पाया दुसऱ्या वर्षी पडला. पुण्याचे स्नेही फोनवर हसायचे.

घर झालं त्यानंतरच्या मे महिन्यात पलीकडच्या नव्या बंगल्याची बोअर खारी झाली. बंगल्याचे मालक अण्णांकडे आले. तुमच्या विहिरीला पाइप जोडू द्या, महिन्याला सांगाल ते पैसे देतो, म्हणाले. अण्णांनी मावशींकडे पाहिलं. मावशी काही बोलल्या नाहीत.

“पैसे नकोत, आणि पाइपही नको,” अण्णा म्हणाले. “पाऊस लागेपर्यंत सकाळी कळशा घेऊन या, प्यायला आणि रांधायला लागेल तेवढं न्या. आमच्यासाठीही तेवढंच काढतो. आणि मृगाच्या आधी तुमच्या छपराची पन्हळ जमिनीत उतरवायची. गवंडी मी पाठवतो, खड्डा आपण दोघे मिळून खणू.”