पाच बाकांचं अंतर

नववीला ‘नियंत्रण आणि समन्वय’ शिकवताना मी दरवर्षी एकच दाखला देते. चेतातंतू म्हणजे टेलिफोन आणि संप्रेरकं म्हणजे टपाल. एकाचा निरोप क्षणात पोचतो, दुसऱ्याचा रक्तातून हळूहळू. पण घर एकच. आमची शाळा उर्दू माध्यमाची, म्हणून चेतासंस्थेला आम्ही ‘आसाबी निज़ाम’ म्हणतो आणि ग्रंथींना ‘ग़ुदूद’. मुलांना हे शब्द जड जात नाहीत. घरात कुणी फार चिडलं की आसाबचा उद्धार होतच असतो.

यंदा फळ्यावर मूत्रपिंड आणि त्यावरची टोपीसारखी अधिवृक्क ग्रंथी काढत होते, तेव्हा शेवटच्या बाकावरच्या मुलानं हात वर केला. ‘‘मिस, तो उस दिन आपका हाथ ॲड्रिनॅलिन ने उठाया था?’’

वर्ग हसला. मला हसता आलं नाही. आठवडाभरापूर्वी त्याला मी थप्पड मारली होती. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेला मनाई करतं, हे मला तोंडपाठ आहे. बी.एड.ला मानसशास्त्रात गुणही चांगले होते. (गुणांचं काय, ते कागदावरच राहतात.)

मुलगा खोडकर असेल, पण प्रश्न खोडकर नव्हता. राग ग्रंथींनी बनत असेल तर दोष कुणाचा?

आधी शरीराची बाजू ऐकू या. कानावर उलट उत्तर पडलं की मेंदूतला अधश्चेतक जागा होतो. तिथून निघालेली आज्ञा पाठीच्या कण्यातून थेट अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यापर्यंत पोचते. हा गाभा मोठा गमतीचा आहे. गर्भात तो ज्या पेशींपासून घडतो, त्यांच्याच भाईबंदांपासून चेतापेशीही घडतात. म्हणजे चेतातंतू कुठे संपला आणि ग्रंथी कुठे सुरू झाली, ही रेघ आपण पाठ्यपुस्तकाच्या सोयीसाठी मारतो. गाभ्यातून ॲड्रिनॅलिन सुटतं, छाती धडधडते, तळहात ओले होतात. त्याच वेळी अधश्चेतक दुसरा, संथ निरोपही धाडतो: पीयूषिका ग्रंथीला, तिच्याकडून रक्तावाटे अधिवृक्काच्या बाहेरच्या थराला. तिथून येणारं कॉर्टिसॉल वीस-तीस मिनिटांनी शिखर गाठतं, आणि मेंदूत परत येऊन अधश्चेतकालाच सांगतं की आता पुरे. चाबूक आणि लगाम दोन्ही एकाच घरातले.

एवढं ऐकून मुलाचं म्हणणं खरं वाटू लागतं. पण स्पेनचे डॉक्टर ग्रेगोरिओ मारान्यॉन यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. त्यांनी २१० जणांना ॲड्रिनॅलिन टोचलं आणि काय वाटतं ते विचारलं. सुमारे ७१ टक्के लोकांनी फक्त शरीराची लक्षणं सांगितली. उरलेल्यांतले बहुतेक म्हणाले, घाबरल्यासारखं वाटतंय. ‘सारखं’, खरोखर नाही. काहींना आजारी मुलांची किंवा वारलेल्या आईवडिलांची आठवण दिली तेव्हा मात्र भावना खरी झाली. ॲड्रिनॅलिन धडधड देतं. कुणावर रागवायचं आणि का, हे त्याला ठाऊक नसतं. ते आपण पुरवतो.

शिवाय रक्तातलं ॲड्रिनॅलिन दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं. तरीही आपला राग तासन्‌तास टिकतो, कारण ‘मला असं बोलला’ हे मनात पुन्हा पुन्हा म्हणत आपण दर वेळी नवा निरोप धाडत राहतो.

कायद्याला ग्रंथींची भाषा येत नाही, पण वेळ त्यालाही मोजावी लागते. मुंबईच्या नानावटी खटल्यात, २७ एप्रिल १९५९ रोजी, बायकोची कबुली ऐकल्यावर नौदलाच्या त्या अधिकाऱ्यानं बायकोमुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं आणि मग गोळ्या झाडल्या. सर्वोच्च न्यायालयानं १९६१ साली म्हटलं की घर सोडल्यापासून गोळीबारापर्यंत सुमारे तीन तास गेले. स्वतःला आवरायला तेवढा वेळ पुरेसा होता.

तीन तासांचा निकाल सोपा आहे. माझ्याकडे तीन तास नव्हते, म्हणून मी बरेच दिवस स्वतःला माफ करत आले. मग एक दिवस रिकाम्या वर्गात जाऊन पाहिलं. फळ्यापासून त्याच्या बाकापर्यंत मधे पाच बाक आहेत. त्याचं उत्तर ऐकून माझी छाती धडधडली ती फळ्याजवळ. त्यानंतर मी खडू खाली ठेवला, हातावरची पूड झटकली, ओढणी सावरली आणि चालत गेले. खडू जपून ठेवला होता, तुटू नये म्हणून. एवढी शुद्ध होती मला. तिसऱ्या बाकाशी कुणीतरी ‘मिस’ म्हणालं, तेही ऐकू आलं होतं.

मी त्याला वर्गासमोरच म्हटलं, ‘‘धड़कन ॲड्रिनॅलिन की थी, बेटा. वहाँ तक चलके मैं आई थी. ग़लती मेरी थी.’’

तो ‘जी मिस’ म्हणून खाली बसला आणि वहीत मान घालून आकृती काढू लागला. त्यानं मला माफ केलं की नुसतं उत्तर ऐकून घेतलं, ते मला कळलं नाही.