पाचवे कारण

मे महिन्यात आदिलाबादचा पारा पंचेचाळिशीकडे सरकला की घरोघरी खिडकीत पत्र्याचे कुलर बसतात. आत पाण्याचा पंप, खाली सांडलेले पाणी, वायरीच्या टोकाला दोन पिनांचा प्लग. पंपाची वायर आतल्या आत सोलवटते, पत्र्यात करंट उतरतो आणि ओल्या पायांनी टाकीत पाणी ओतणारा माणूस त्याला चिकटतो. मग दारात जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणतेच, ‘वेळ आली होती त्याची.’ पैनगंगेच्या अलीकडे जैनथ-बेल्यात हे वाक्य मराठीतही ऐकू येते आणि तेलुगूतही; पलीकडे यवतमाळातही त्याचा अर्थ तोच. वाक्य खोटे आहे असे मी म्हणत नाही. ते फार लवकर उच्चारले जाते, एवढेच माझे म्हणणे आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीसाठी पाच कारणे मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा आणि दैव. दैव नाकारलेले नाही, पण त्याचा नंबर पाचवा आहे. हा क्रम कुलरला लावून पाहावा. अधिष्ठान म्हणजे ती ओली फरशी आणि ते घर. कर्ता म्हणजे वायरिंग करणारा इलेक्ट्रिशियन, आणि त्याला बोलावणारा घरमालकही. करण म्हणजे वायर, प्लग, बोर्ड. चेष्टा म्हणजे प्रत्यक्ष काम: स्क्रू किती आवळला, जोड कुठे दिला, अर्थिंगची हिरवी वायर सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकापर्यंत आणली की भिंतीतच सोडून दिली. एवढे चारही तपासून झाल्यावर जे उरेल ते दैव. आपण मात्र पाचव्यापासून सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो.

सरकारी नोंदवहीसुद्धा हा फरक करते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात आभाळातली वीज पडून गेलेले लोक निसर्गाच्या कोपात मोजले जातात. २०२२ साली ते २,८८७ होते. विजेचा धक्का बसून गेलेल्यांचा रकाना वेगळा आहे आणि त्यात दर वर्षी बारा-तेरा हजारांची भर पडते. कायद्यानेही ही रेघ ओढली आहे. १९९७ साली मध्य प्रदेशात पावसात रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेवरून सायकल गेली आणि चालवणारा दगावला. कोणीतरी वीजचोरीसाठी तार ओढली होती, असा बचाव मध्य प्रदेश वीज मंडळाने केला. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला: असली धोक्याची वस्तू जो बाळगतो, त्याने तिच्या निसटण्याची जबाबदारीही घ्यायची. ईश्वरी कृत्याचा अपवाद या तत्त्वात आहे, पण त्याचे दार अरुंद आहे.

यावर कर्मसिद्धान्त मानणारा विचारेल, ज्याचे प्रारब्ध संपले त्याला हिरवी वायर वाचवणार आहे का? प्रश्न हलका नाही. पण त्याच सिद्धान्ताने इलेक्ट्रिशियनने न जोडलेली वायरही कर्मच ठरते, आणि ते करणारा कोणी प्रारब्धाने बांधलेला नव्हता. त्याला घाई होती. काम पॉइंटमागे दराने ठरते, आणि अर्थिंग जोडली काय, न जोडली काय, दिवा तेवढाच पेटतो. घरातले बाकी काहीही चुकले तर लगेच कळते. ही एक वायर दहा वर्षे काहीच करत नाही आणि तिचे नसणे फक्त एका दिवशी उघडकीस येते. ‘मी तर निमित्त’ असे म्हणण्याची सोय इथे नाही. निमित्त हो असे अर्जुनाला सांगितले ते उभे राहून कर्तव्य करण्यासाठी. काम अर्धवट टाकून निघून जाणाऱ्याने तो शब्द वापरू नये.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे: घरमालकाला यातले काय कळते, त्याने विश्वासच ठेवायचा ना? ठेवावा. पण डोळे मिटून ठेवलेला विश्वास बऱ्याचदा आळसच असतो. वायरमनचे परमिट विचारायला शिक्षण लागत नाही. प्लॅस्टर होण्याआधी पाइपातून हिरवी वायर गेली का, हे दिसते. एमसीबी बसवली म्हणजे माणूस सुरक्षित, हा समज तर सोडलाच पाहिजे. २३० व्होल्टला ओल्या अंगातून साधारण दोनशे मिलिअँपिअर वाहतात. सोळा अँपिअरच्या एमसीबीला त्याची खबरही लागत नाही, कारण ती वायर वाचवते. माणूस वाचवायचे काम आरसीसीबीचे, जी तीस मिलिअँपिअर गळतीला क्षणाच्या अंशात तुटते. तिच्यावरचे ‘टी’चे बटण महिन्यातून एकदा दाबायचे, खटका पडला तर ठीक, नाही पडला तर वायरमनला बोलवायचे. खंडेनवमीला पक्कड-टेस्टरवर हळद-कुंकू वाहणाऱ्या हातांना हे बटण परके का वाटावे, कळत नाही. मीटरचा बोर्ड आग्नेयेला हवा म्हणून भिंत फोडणारे लोक आहेत. त्याच भिंतीतल्या अर्थिंगबद्दल त्यांनी कधी विचारलेले नसते.

पैशाचा आक्षेप खरा आहे, आणि तो अर्धाच खरा आहे. चांगली आरसीसीबी साध्या कुलरपेक्षा स्वस्त येते. पण भाड्याच्या खोलीतल्या मजुराला भिंत फोडता येत नाही. तिथे कर्ता खोलीचा मालक, आणि पापपुण्याचा हिशेब मांडायचाच तर तो त्याच्या नावावर.

चारही कारणे सांभाळल्यावर दैवाला काय उरते? बरेच उरते. रात्री छतात शिरलेला उंदीर, वादळात सर्व्हिस वायरवर पडलेली फांदी. तिथे कोणी हात जोडले तर माझी हरकत नाही. फक्त इथल्या काळ्या मातीचे एक आहे: उन्हाळ्यात ती भेगाळते, अर्थिंगच्या पट्टीपासून सुटते, आणि मीठ-कोळसा घातलेला खड्डा कोरडा पडला की जमिनीची पकड जाते. त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावे लागते, नेमके त्याच महिन्यात, जेव्हा पाण्याची प्रत्येक बादली मोजून वापरावी लागते.