दार उघडले, पण कोणत्या कारणाने?

आम्ही सत्संगी, हिंदू नव्हे, असा दावा १९४८ च्या जानेवारीत अहमदाबादच्या न्यायालयात दाखल झाला. दावेदार स्वामिनारायण संप्रदायाचे अनुयायी होते. आदल्याच वर्षी मुंबई प्रांताने हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा कायदा केला होता. कायदा हिंदू मंदिरांना लागू. आम्ही हिंदूच नव्हे, तेव्हा आमची मंदिरे त्यातून वगळा, असा युक्तिवाद. दुसऱ्याला दाराबाहेर ठेवण्यासाठी स्वतःच घराबाहेर पडायची ही तयारी!

अठरा वर्षांनी, १९६६ साली, सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळला. निकाल सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांचा. साताऱ्याचे, घरात संस्कृत विद्येची परंपरा असलेले. हिंदू धर्माचा सविस्तर आढावा घेऊन त्यांनी टिळकांची हिंदू धर्माची व्याख्या स्वीकारली. मग सत्संग्यांना सुनावले, की तुमची भीती अंधश्रद्धेतून आणि अज्ञानातून आली आहे, हिंदू धर्माची खरी शिकवण आणि खुद्द स्वामिनारायणांचा उपदेश तुम्हाला कळलेला नाही.

निकाल मला पूर्ण मान्य आहे. खटकते ते हे शेवटचे कारण. सत्संगी हिंदू आहेत की नाहीत, हे ठरवणे न्यायालयाला भागच होते. ते ठरल्यावर संविधानाचे पंचविसावे कलम पुरेसे होते. सार्वजनिक हिंदू मंदिरे सर्वांना खुली करण्याचा अधिकार ते राज्याला स्पष्ट शब्दांत देते. भक्ताला त्याच्याच गुरूचा उपदेश समजावण्याची गरज नव्हती. तुमचा खरा धर्म समतेचा आहे म्हणून दार उघडा, असे म्हटले की बाहेर उभ्या असलेल्या माणसाचा हक्क धर्माच्या अर्थावर टांगला जातो. उद्याच्या न्यायाधीशाला वेगळा अर्थ दिसला तर? १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रहाला बसलेली माणसे शास्त्रार्थ करायला आली नव्हती.

आधी शास्त्री-पंडित अर्थ सांगत, त्यापेक्षा न्यायाधीश बरे, असे कुणी म्हणेल. मलाही कधी कधी तसेच वाटते, विशेषतः असा निकाल वाचताना. पण शास्त्र्याचे न ऐकणारा दुसऱ्या शास्त्र्याकडे जाऊ शकत होता. सर्वोच्च न्यायालयाच्या पुढे कुठे जाणार?

शिवाय अशी वाक्ये एका खटल्यापुरती राहत नाहीत. १९९५ साली निवडणूक प्रचारातल्या ‘हिंदुत्व’ या शब्दाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने ती एक जीवनपद्धती असल्याचे म्हटले, तेव्हा आधाराला हाच १९६६ चा निकाल घेतला होता. गजेंद्रगडकर १९८१ मध्येच वारले होते.