घाम कुणाचा, दाम किती?

रविवारी आठच्या मिस्सानंतर आपल्या चर्चच्या आवारात चिंचेखाली तरुण मुलांचा घोळका जमतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. डोळे तांबारलेले असतात, कारण आदल्या रात्री इंग्लंडमधल्या प्रीमियर लीगचा सामना असतो. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपल्याकडची रात्र. हिवाळ्यात शेवटचा सामना संपेपर्यंत सांगलीत एक वाजतो. तरीही ही मुले सकाळी देवाच्या घरी येतात, याचे आम्हाला कौतुक आहे. मात्र फादरांचा शेवटचा आशीर्वाद मिळतो न मिळतो, तोच चिंचेखाली वादाला तोंड फुटते.

कोण जिंकले, कोण हरले, हे पाच मिनिटांत संपते. मग डावपेच निघतात. बचावात चार हवेत की पाच, चेंडू गेल्यावर लगेच पुढे धावून जायचे की मागे थांबायचे, यावर अर्धा तास जातो. आणि शेवटी गाडी ठरलेल्या ठिकाणी येते, ती म्हणजे खेळाडूंचा पगार. अव्वल खेळाडूंना आठवड्याला तीन लाख पौंडांहून अधिक मिळतात, असे वर्तमानपत्रांत येते. आपल्या हिशेबाने हे तीन कोटी रुपयांच्या वर जाते, तेही एका आठवड्याला! एक म्हणतो, "गोल करतो तर घेऊ दे की." दुसरा म्हणतो, "आणि सहा सामने गोल नाही केला, तर परत देतो काय?"

गेल्या महिन्यात अशाच एका रविवारी आम्ही धर्मग्राम परिषदेचे काही सभासद हॉलमध्ये बैठकीला बसलो होतो. खिडकी उघडी होती आणि चिंचेखालचा वाद जसाच्या तसा आत ऐकू येत होता. आमच्या पुढ्यातही एक पगाराचाच विषय होता. चर्च आणि आवार झाडणाऱ्या मावशींनी महिन्याला पाचशे रुपये वाढवून मागितले होते. सध्या त्यांना अडीच हजार मिळतात. एकाने विचारले, "इतर ठिकाणी काय देतात?" दुसऱ्याने सांगितले, "साधारण एवढेच." तिसऱ्याने सुचवले, "पुढच्या वर्षी पाहू." विषय संपला. कपातला चहा अजून गरम होता. बाहेर मुलांचा वाद मात्र चालूच होता, आणि तो ऐकता ऐकता आम्हाला मनातून लाज वाटली. साता समुद्रापलीकडच्या माणसाच्या पगारावर मुले तासभर भांडत होती. ज्या बाईचा पगार आमच्याच हातात होता, तिच्यासाठी आम्ही पाच मिनिटेसुद्धा भांडलो नव्हतो.

तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घोळतो आहे. माणसाच्या कामाचा योग्य दाम कशावरून ठरवावा? मुलांचा वाद वाटतो तितका रिकामा नाही. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

एवढा पैसा चेंडू लाथाडण्यासाठी कशाला, हा आपल्यापैकी अनेकांच्या मनात येणारा पहिला विचार. पण थोडा इतिहास पाहू. इंग्लंडमध्ये १९०१ साली फुटबॉलपटूंच्या पगारावर मर्यादा घातली गेली, आठवड्याला चार पौंड. ही मर्यादा वाढत वाढत वीस पौंडांवर आली आणि १९६१ च्या जानेवारीत खेळाडूंनी संपाचा इशारा दिल्यावर रद्द झाली. त्या साठ वर्षांत मैदाने भरत नव्हती काय? हजारो लोक तिकीट काढून येत होते. टॉम फिनी हा इंग्लंडच्या संघातला नामवंत खेळाडू, पण तो नळजोडणीचा व्यवसायही करायचा. लोक त्याला पाहायला येत आणि गल्ल्यातला पैसा दुसऱ्याच्या खिशात जाई. तेव्हा खेळाडूला कमी मिळत होते म्हणून न्याय होत होता, असे कोणी म्हणू शकेल काय? मर्यादा गेली आणि फुलहॅम क्लबचा जॉनी हेन्स आठवड्याला शंभर पौंड घेणारा पहिला खेळाडू ठरला. १९९२ साली प्रीमियर लीग सुरू झाली, दूरचित्रवाणीचा पैसा आला आणि आकडे गगनाला भिडले. म्हणजे 'ज्याच्या घामावर गल्ला भरतो, त्याला वाटा मिळावा' हे म्हणणाऱ्या मुलाचे चुकत नाही.

पण दुसऱ्या मुलाचेही चुकत नाही. दाम मोठा म्हणून काम मोठे, असे होत नाही. लेस्टर सिटी हा मोठ्या क्लबांच्या मानाने कमी खर्चाचा संघ. २०१५-१६ चा हंगाम सुरू होताना त्याच्या विजेतेपदावर सट्टेबाज एकास पाच हजार देत होते, आणि तोच संघ विजेता झाला. उलट पगारावर अफाट पैसा ओतणारा मँचेस्टर युनायटेड २०२४-२५ मध्ये पंधराव्या क्रमांकावर राहिला. बहुतेक वेळा पैसेवालेच वर असतात हे खरे, पण पैसा म्हणजे गुण नव्हे.

हे समजायला इंग्लंडला जायची गरज नाही. १९१५ साली आपल्या सांगलीत एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात विजय हजारे जन्माला आले. १९४३ साली मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांच्या संघाच्या एका डावात ३८७ धावा झाल्या, त्यातल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या! १९४८ साली ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध त्यांनी एकाच कसोटीत दोन्ही डावांत शतके ठोकली. १९५२ साली मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला, तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. त्या काळचे खेळाडू संस्थानिकांच्या आश्रयावर आणि नोकरीवर जगत. त्याच सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाला २०२३ च्या फेब्रुवारीत महिला प्रीमियर लीगच्या लिलावात तीन कोटी चाळीस लाखांची बोली लागली. लेकीला मिळाले याचा आम्हाला आनंद आहे, तिच्या मेहनतीचे ते चीज आहे. पण म्हणून हजाऱ्यांची बॅट हलकी होती काय? गाव तेच, खेळ तोच. मधल्या काळात टीव्ही आला, एवढाच काय तो फरक.

साताऱ्याकडे वळलो तर कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आठवतात. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले, ऑलिंपिकमधले स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. तिथे जाण्यासाठी लोकांनी वर्गणी दिली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या लढवून ते ऋण फेडले. त्या पदकाला त्या दिवशी बाजारात किंमत नव्हती. मोल मात्र होते, आणि ते एका प्राचार्याला कळले होते.

तेव्हा बाजार आपल्याला एवढेच सांगतो की या कामाचे आज किती मिळू शकतात. किती द्यायला हवेत, हे तो सांगत नाही. ते आपल्याला ठरवावे लागते. पण कोणत्या मापाने?

द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पहाटे आलेल्यालाही एक नाणे आणि दिवस मावळताना आलेल्यालाही तेवढेच. तासगावकडच्या आपल्या बागायतदार बांधवांना विचारा, ते हसतील. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत असा हिशेब केला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कोण येईल? सकाळपासून उन्हात राबलेल्यांची कुरकुर आम्हाला तरी खोटी वाटत नाही. आपणही कुरकुरलो असतो. आणि प्रभूने हा दाखला स्वर्गाच्या राज्याविषयी सांगितला, मजुरीचे दरपत्रक म्हणून नव्हे.

तरीही त्यात एक गोष्ट आहे, जी मळ्याच्या मालकाला दिसली आणि कुरकुरणाऱ्यांना दिसली नाही. संध्याकाळी पाचला आलेला माणूस आळशी नव्हता. तो दिवसभर नाक्यावर उभा होता, त्याला कोणी बोलावलेच नव्हते. आणि त्याच्या घरची चूल तेवढीच मोठी होती. कामाला दोन मापे असतात. एक, काम किती झाले. दुसरे, त्या कामावर किती तोंडे जगतात. बाजाराला पहिलेच माप वापरता येते. दुसरे वापरायला माणूस लागतो.

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात नेमके हेच मांडले. मालक आणि मजूर यांनी आपखुशीने दर ठरवला, एवढ्याने तो न्याय्य ठरत नाही. मजूर गरजेपोटी 'हो' म्हणत असेल, तर ती खुशी नव्हे. काटकसरीने राहणाऱ्या कामकऱ्याला आपला निर्वाह करता येईल, इतका तरी पगार असला पाहिजे. २०२५ साली निवडून आलेल्या पोप चौदाव्या लिओंनी आपले नाव निवडताना याच परिपत्रकाची आठवण सांगितली, ती उगाच नव्हे.

आता पुन्हा फुटबॉलकडे येऊ, कारण तिथेही हा प्रश्न उठला आहे. ज्या मैदानात कोट्यवधींचे खेळाडू धावतात, त्याच मैदानात झाडलोट करणारे, तिकिटे तपासणारे, चहा विकणारे असतात. त्यांचे काय? २००१ साली पूर्व लंडनमधली चर्च, मशिदी, शाळा आणि कामगार संघटना एकत्र आल्या आणि जगण्यापुरते वेतन मिळालेच पाहिजे अशी चळवळ त्यांनी उभी केली. ती पसरत पसरत फुटबॉलच्या मैदानांपर्यंत गेली. २०१४ च्या डिसेंबरात चेल्सी हा असे वेतन देणारा म्हणून मान्यता मिळालेला प्रीमियर लीगमधला पहिला क्लब ठरला. खेळाडूंना इतके देणाऱ्यांना सफाई कामगारांपर्यंत यायला एवढा वेळ लागला!

२०२० च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत, लिव्हरपूल क्लबने मैदानाबाहेरच्या काही कर्मचाऱ्यांचा पगार सरकारी मदतीतून द्यायचे ठरवले. क्लबचे माजी खेळाडू आणि चाहते संतापले. इतका श्रीमंत क्लब आणि सरकारपुढे हात? दोनच दिवसांत क्लबने माफी मागून निर्णय फिरवला. म्हणजे प्रेक्षकांच्या वादाने कधी कधी एखाद्या झाडूवालीच्या पगाराला हात लागतो. चिंचेखालच्या मुलांना हे सांगायला आम्हाला आवडेल.

पण त्याआधी स्वतःला सांगायला हवे. तीन लाख पौंडांवर आपण काहीही म्हटले, तरी त्या खेळाडूचा एक पैसा कमी-जास्त होत नाही. म्हणून तिथे आपण न्यायाधीश होतो, आणि फार सोपे असते ते. मावशींच्या बाबतीत मात्र आम्ही जे म्हणू तोच दर. आम्ही 'इतर ठिकाणी काय देतात' असे विचारले आणि इतर ठिकाणचे लोक बहुधा आमच्याकडे पाहून तेच विचारत असतील. सगळे एकमेकांकडे बघतात आणि त्याला बाजारभाव म्हणतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

आमची अडचणही सांगतो, कारण ती खोटी नाही. चर्चचा पैसा आमचा नाही. तो आपल्या दानाचा आहे आणि त्यातले पुष्कळ दान मोलमजुरी करणाऱ्यांचेच आहे. छपराचे काम राहिले आहे, विजेचे बिल वाढते आहे. अशा पैशाला जपणे हे आमचे कर्तव्य आहे. पण हिशेब मांडला तेव्हा कळले, आपल्या धर्मग्रामात सव्वाशे कुटुंबे आहेत. पाचशे रुपये म्हणजे कुटुंबामागे महिन्याला चार रुपये. छपराच्या कामाचे आम्ही तीन दरपत्रके मागवून महिनाभर बोललो. मावशींना मात्र एक प्रश्नही विचारला नाही. घरी किती माणसे आहेत, आणखी किती ठिकाणी काम करता, हेही नाही. पैसा नव्हता ही एक गोष्ट. विचारच केला नाही, ही दुसरी. पहिलीला इलाज नसेल, दुसरीला सबब नाही.

येत्या बैठकीत हा विषय पहिला घ्यायचे आम्ही ठरवले आहे. मावशींनाही बोलावले आहे, आणि त्यांना येता यावे म्हणून बैठकीची वेळ त्यांच्या कामानंतरची ठेवली आहे. चिंचेखालच्या दोन मुलांनाही बसायला सांगितले आहे, कारण पगारावर बाजू मांडण्याचा सराव आमच्यापेक्षा त्यांना जास्त आहे. खेळाडूच्या बाजूने ते जे जे बोलतात, तो किती वर्षे एकनिष्ठ राहिला, तो नसला तर संघाचे काय होते, अंगात बळ आहे तोवरच त्याची कमाई, ते सगळे इथेही लागू पडते. मावशी चौदा वर्षे आपले आवार झाडत आहेत.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी धुणीभांड्याला कोणी येते, दुकानात पोरगा आहे, मळ्यात रोजाने माणसे लागतात, त्यांनीही या आठवड्यात एक करून पाहावे. पगार किती देतो, हे आपल्याला ठाऊक असते. त्यात त्यांचे घर कसे चालते, हे एकदा त्यांनाच विचारावे.

पुढच्या रविवारी रात्री जागलेली मुले पुन्हा चिंचेखाली भांडतील. भांडू देत. फक्त मावशी झाडू घेऊन आल्या, की बाजूला व्हा म्हणजे झाले.