झेंडू वाहतात, पॉपी लावतात

झेंडूला एकही पुराण ओळखत नाही. ओळखणार तरी कसं? त्याचं मूळ घर मेक्सिको. भारतात तो पोचला पोर्तुगिजांच्या जहाजांमागोमाग, म्हणजे सोळाव्या शतकाच्या आधी नाही. तुळस, बेल, कमळ यांच्यामागे कथा आहेत, माहात्म्यं आहेत. झेंडूच्या पाठीशी असं काहीही नाही. तरी दसऱ्याला दारावर तोरण झेंडूचं, नव्या गाडीला हार झेंडूचा आणि गोव्यात वाटेवरच्या क्रुसालाही तोच. उलट अफूचं झाड, ज्याचं बी आपण खसखस म्हणून खातो, ते इथे झेंडूच्या कितीतरी आधीपासून आहे. शार्ङ्गधरसंहितेसारख्या मध्ययुगीन वैद्यकग्रंथात अफू औषध म्हणून येते. रूपाच्या बाबतीत तर तिचं फूल झेंडूला सहज मागे टाकेल. देव्हाऱ्यात मात्र त्याला कधी जागा मिळाली नाही.

मग फुलाला पावित्र्य येतं कुठून? ग्रंथातून येत असतं तर झेंडू दाराबाहेरच राहिला असता. जुनेपणातून येत असतं तर अफूचा नंबर आधी लागला असता.

उत्तराचा एक धागा बागेतच सापडतो. अफूच्याच कुळातल्या बागेतल्या पॉपीची कळी केसाळ, मान खाली घातलेली असते. उमलायच्या दिवशी ती मान ताठ करते, वरची दोन हिरवी आवरणं गळून पडतात आणि आत घडी मोडलेल्या रेशमासारख्या चुरगळलेल्या पाकळ्या सावकाश पसरतात. उन्हात त्या आरपार दिसतात. दोन दिवसांत, वारा असेल तर त्याआधीच, त्या जमिनीवर असतात. देठ तोडला तर पांढरा चीक वाहतो. फुलदाणीत टिकवायचं म्हटलं तर देठाचं टोक ज्योतीवर भाजून घ्यावं लागतं. या फुलाचा हार करायला बसलेल्या माणसाच्या हाती फक्त दोरा उरेल.

झेंडूचं सगळंच वेगळं. एक फूल म्हणून आपण खुडतो ते खरं तर फुलांचं संमेलन असतं. जिला पाकळी म्हणतो ती प्रत्येक स्वतंत्र फूल असते, बुडाशी आपापली बीजधानी घेऊन आलेली. म्हणून पूजेत झेंडू कुस्करून वाहणारा माणूस नकळत शेकडो फुलं वाहतो. खालची हिरवी वाटी इतकी घट्ट की सुई आरपार गेली तरी फूल सुटत नाही. टोपलीत दाबा, ट्रकमधून रात्रभर आणा, दारावर उन्हात टांगा, तो कुरकुरत नाही.

पूजेचे रूढ नियम याच ठिकाणी कामाला येतात. कोमेजलेलं, जमिनीवर पडलेलं, वास घेतलेलं फूल देवाला वाहू नये असा संकेत आहे. पडलेल्या फुलांत सवलत मिळते ती प्राजक्ताला. या कसोटीवर पॉपी हातात येण्याआधीच बाद होते. झेंडूला नियम आडवे येत नाहीत आणि भगवद्गीतेच्या ज्या नवव्या अध्यायात भक्तानं दिलेलं पान, फूल, फळ, पाणी स्वीकारल्याचं सांगितलं आहे, तिथे फुलाचं नाव दिलेलं नाही. नाव न दिल्यामुळे चारशे वर्षांमागे आलेला पाहुणा त्या जागेत निवांत बसला.

पॉपीचं आणि देवाचं काही नातंच नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. क्रीट बेटावर गाझी इथे १९३६ साली मातीची एक देवीमूर्ती सापडली. सुमारे तेहतीसशे वर्षांपूर्वीची ही देवी दोन्ही हात उंचावून उभी आहे आणि तिच्या मस्तकावर अफूची तीन बोंडं खोचलेली आहेत. चीक काढायला घालतात तशा उभ्या चिरा त्यांवर स्पष्ट दिसतात. इकडे माळव्यात, मंदसौर-नीमच भागात, परवानाधारक शेतकरी बोंडांना पहिली चीर देण्याआधी शेतात कालीमातेची पूजा मांडतात. राजस्थानात चित्तोडगड जिल्ह्यातल्या सांवलिया सेठच्या मंदिरात तर चांदीची बोंडं वाहिली जातात. सगळीकडे मान आहे तो बोंडाला, म्हणजे चिकाला आणि त्यातून येणाऱ्या गुंगीला नि पैशाला. फूल बिचारं गळून गेलेलं असतं.

या फुलाला स्वतःचा विधी मिळाला तो विसाव्या शतकात आणि तोही कागदाचं झाल्यावर. बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या शेतांत वाढणारी लाल पॉपी अफूची नव्हे, तिची बहीण. तिचं बी वर्षानुवर्षं मातीत झोपून राहतं आणि जमीन उकरली गेली, उजेड लागला की उगवतं. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी ती जमीन अशी उकरली की खंदकांभोवती आणि थडग्यांभोवती लाल फुलांचे ताटवे उभे राहिले. जॉन मॅक्रे या कॅनेडियन लष्करी डॉक्टरनं १९१५ मध्ये त्यांवर कविता लिहिली. मग अमेरिकेत मोइना मायकल आणि फ्रान्समध्ये ॲना गेरँ या दोघींनी कापडी पॉपी छातीवर लावायची कल्पना उचलून धरली. १९२१ पासून ब्रिटनमध्ये नोव्हेंबर आला की कोटावर पॉपी दिसू लागली. २०१४ मध्ये टॉवर ऑफ लंडनच्या खंदकात चिनीमातीची ८,८८,२४६ पॉपी रोवली गेली, ब्रिटन आणि तिच्या वसाहतींतल्या प्रत्येक मृत सैनिकामागे एक.

इथे अर्पण आणि स्मरण यांतला फरक उघडा पडतो. देवाला दिलेलं फूल दुसऱ्या दिवशी निर्माल्य होतं, आणि ते व्हायलाच हवं. आपलं काहीतरी खरंच गेलं, परत मिळणार नाही, याची ती खूण असते. कोमेजणं हा त्या देण्याचा भाग आहे. स्मरणाची गरज उलटी. जो गेला तो गेलाच आहे. निदान आठवण तरी दोन दिवसांत गळून पडू नये. म्हणून खरी पॉपी कोटावर कुणी लावत नाही. लावतात ती कागदी, कापडी, चिनीमातीची.

मांडणी नीटनेटकी वाटते, पण मेक्सिको ती मोडून काढतो. तिथे नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मृतांचा सण असतो. घरोघरी मांडलेल्या वेदीवर आणि कबरींवर ताज्या झेंडूच्या राशी पडतात. काही ठिकाणी पाकळ्यांची वाट दारापर्यंत आखतात, उग्र वासाच्या मागावर पितर घरी येतील म्हणून. अझ्टेकांच्या देवपूजेतलं हे फूल स्पॅनिश चर्चच्या सणात सामील झालं आणि तिथेच राहिलं. म्हणजे मेक्सिकन माणूस नाशवंत फुलानंच स्मरण करतो. त्याच्या हिशेबी मेलेला माणूस कायमचा गेलेला नसतो, वर्षातून एकदा जेवायला येणारा असतो. येणाऱ्याला ताजं फूल लागतं. आपल्याकडे पितृपक्षात श्राद्धाला बसणाऱ्याला हा हिशेब नव्यानं समजवावा लागणार नाही.

भारतीय सैनिकांच्या बाबतीत पॉपी की झेंडू हा पेच प्रत्यक्ष समोर आला. पहिल्या महायुद्धात सुमारे ७४ हजार भारतीय सैनिक मेले. मेसोपोटेमियात कुटच्या वेढ्यात अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ या पलटणी होत्या. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावात त्या युद्धाला गेलेल्या गावकऱ्यांचं स्मारक आहे. त्या घरांतल्या बायकामुलांना फ्लँडर्सची पॉपी काय सांगणार होती? २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या माजी सैनिकांच्या रॉयल ब्रिटिश लीजन या संस्थेनं भारतीयांच्या सन्मानार्थ खादीची पॉपी काढली. दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन ऑफ इंडियानं दुसरा रस्ता धरला आणि स्मरणाचं भारतीय फूल म्हणून झेंडू सुचवला: कुठेही मिळतो, आणि केशरी रंग आपल्याकडे त्यागाचा.

सूचना योग्य आहे, पण तिची कसोटी पुढे आहे. छातीवर लावायचा झेंडू कापडी करावा लागेल, आणि कापडी झेंडू म्हटला की प्लॅस्टिकच्या झेंडूचा विषय निघतोच. सणासुदीला बाजार त्या माळांनी भरलेला असतो, आणि फूल उत्पादकांची तक्रार आहे की त्यांच्या मालाला त्यामुळे उठाव राहत नाही. तक्रार पोटाची आहे, पण तिच्या आत पूजेचाही प्रश्न दडलेला आहे. जे कोमेजतच नाही, पुढच्या वर्षी धुऊन पुन्हा टांगता येतं, ते दिलं असं म्हणायचं का? सजावट म्हणून ते ठीक. वाहिलेलं फूल म्हणून त्याची बाजू लंगडी पडते. गंमत अशी की कृत्रिम फुलाची परंपरा रुजवलेल्या ब्रिटिश लीजननं २०२३ मध्ये प्लॅस्टिक काढून पूर्ण कागदाची पॉपी आणली.

या सगळ्यात न खुडलेल्या फुलाचं काय, हा विचार राहूनच जातो. महाराष्ट्रात तो विचार एका माळ्यानं केला होता. सोलापूर जिल्ह्यातल्या अरणच्या सावता महाराजांना मळ्यातल्या भाजीपाल्यातच विठ्ठल दिसला. पंढरीला जायची गरज त्यांना वाटली नाही आणि परंपरा अशी की विठ्ठलाचीच पालखी अरणला येते. त्या नजरेनं पाहिलं तर पॉपीची पूजा वाफ्यातच झालेली असते. इंग्लंडमध्ये क्रॉयडनजवळच्या शर्ली गावचे धर्मगुरू विल्यम विल्क्स यांनाही १८८०च्या सुमारास बागेच्या कडेला पांढरी किनार असलेली एक रानटी पॉपी दिसली. तिचं बी धरून वर्षानुवर्षं निवड करत त्यांनी मधला काळा डाग घालवला आणि शर्ली पॉपी तयार केली.

ज्याला दोन्ही हवीत त्याला एक वाफा पुरतो. झेंडूची रोपं पावसाळ्यात लावली की दसरा-दिवाळी निघते. पुढे दोन-चार फुलं झाडावरच वाळू द्यावीत, त्यांतली काळी काडीसारखी बियाणी पुढच्या वर्षाला होतात. मग झाडं उपटून त्याच जागी नोव्हेंबरात पॉपीचं बी वाळूत मिसळून फेकावं. सोटमूळ असल्यामुळे रोप उचलून लावलेलं तिला सोसत नाही. माघ-फाल्गुनात फुलं दिसतील. बी मात्र रोपवाटिकेतून शर्लीचंच आणावं. अफूच्या लागवडीचे परवाने मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरलेल्या भागांतच मिळतात, त्यामुळे स्वयंपाकघरातल्या डब्यातली खसखस पेरली आणि ती उगवली, तर फुलांपाठोपाठ पोलीसही येऊ शकतात.