दैव, पुरुषकार आणि जखमी बालक

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात अग्निवेश आपले गुरू आत्रेय पुनर्वसू यांना विचारतो, की माणसाचे आयुष्य आधीच ठरलेले असते की नसते. पूर्वदेहात केलेले कर्म म्हणजे दैव आणि या देहात केले जाणारे कर्म म्हणजे पुरुषकार, अशी व्याख्या करून आत्रेय सांगतात, की आयुष्याचे मान या दोहोंच्या बलाबलावर अवलंबून असते, आणि सर्वांचेच आयुष्य नियत मानले तर औषधोपचारांना प्रयोजनच उरणार नाही. डोक्याला गंभीर मार लागलेले मूल रुग्णालयात पोहोचेपर्यंतच्या काळात हा प्रश्न फार निकडीने उभा राहतो, कारण ‘नशिबात असेल ते होईल’ हे वाक्य त्या वेळी सहज ओठांवर येते आणि त्याच वेळी ते सर्वाधिक घातक ठरते.

आधुनिक वैद्यक मेंदूच्या इजेचे दोन भाग मानते. आघाताच्या क्षणीच पेशींची आणि रक्तवाहिन्यांची जी हानी होते ती प्राथमिक इजा होय, आणि ती घडून गेल्यावर पुसून टाकता येत नाही. त्यानंतर प्राणवायू कमी पडल्याने, रक्तदाब घसरल्याने किंवा कवटीच्या आतील दाब वाढल्याने जी हानी वाढत जाते ती दुय्यम इजा होय, आणि ती पुष्कळदा टाळता अथवा कमी करता येते. प्राथमिक इजेला दैवाच्या खात्यात टाकण्याची मुभा एकवेळ देता येईल, परंतु दुय्यम इजा हे निःसंशय पुरुषकाराचे क्षेत्र आहे, आणि तिलाही दैव म्हणणे म्हणजे कर्तव्यच्युतीला धर्माचे नाव देणे होय.

मात्र पुरुषकार म्हणजे नुसती धडपड नव्हे. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते आणि त्याचा मागचा भाग उठावदार असतो, त्यामुळे सपाट जागी उताणे निजवल्यास मान पुढे झुकून श्वासमार्ग अरुंद होतो. म्हणून खांद्यांखाली व पाठीखाली घडी घातलेली चादर ठेवून डोके, मान आणि धड एका रेषेत राखावे लागते. मुलाला उलटी होऊ लागली तर मान न पिरगळता सारे शरीर एकत्र कुशीवर वळवावे, टाळूच्या जखमेवर स्वच्छ कापड धरून रक्त थांबवावे, पण कवटी दबलेली दिसल्यास तेथे जोर देऊ नये, आणि श्वास थांबला असेल तर लगेच कृत्रिम श्वसन व छातीवर दाब देणे सुरू करावे. याउलट, पाणी पाजणे, गदागदा हलवून जागे करणे किंवा घाईने उचलून खांद्यावर टाकणे ही कृत्ये मायेपोटी घडत असली, तरी त्यांनी मुलाला अपाय होऊ शकतो. प्रशिक्षित हातांनाही हाच नियम लागू पडतो; मुखवट्याला जोडलेली श्वसन-पिशवी दाबून श्वास देताना गती अवाजवी वाढवली, तर रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटून मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि त्याचा रक्तपुरवठा आणखी कमी होतो. करुणेला ज्ञानाची आणि संयमाची जोड नसेल, तर अहिंसेची इच्छा मनात असूनही हातून हिंसा घडू शकते.

हे कर्तव्य केवळ आईवडिलांचे नाही. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्या वाटसरूला त्रास होऊ नये, यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांना सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये बंधनकारक स्वरूप दिले, आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातही तशा संरक्षणाची तरतूद झाली. भीतीचे निमित्त अशा रीतीने पुष्कळ अंशी दूर झाल्यावर, अज्ञान हीच नैतिक त्रुटी उरते. म्हणून या प्रसंगीचा पुरुषकार अपघाताच्या कितीतरी आधी, शाळांमधून आणि वस्त्यांमधून प्रथमोपचार शिकण्यात व 108 क्रमांकाची रुग्णवाहिका तत्काळ बोलावण्याची सवय लावण्यात सुरू होतो.

तरीही दैवाची कल्पना निरर्थक ठरत नाही. जे करता येण्याजोगे होते ते सारे करूनही मूल वाचले नाही, तर यश आपल्या हाती नव्हते ही जाणीव आईवडिलांना आत्मदोषाच्या असह्य भारातून सोडवू शकते. कर्तव्य संपल्यानंतर दैव हे सांत्वन असते. कर्तव्य शिल्लक असताना त्याचे नाव घेणे हा त्या मुलावर अन्याय आहे.