इमामांचे जुने मत आणि नवे मत

आपल्याकडच्या अनेक नमाज-वेळापत्रकांत असरचे दोन रकाने असतात. पालघर-तारापूरकडचे जुने कोकणी मुस्लिम बहुतेक शाफई. बोईसरच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश-बिहारहून आलेले आमचे भाऊ बहुतेक हनफी. माध्यान्हीची सावली वगळून वस्तूची सावली तिच्याएवढी झाली की आमची असर लागते, दुप्पट झाली की त्यांची. पाऊण-एक तासाचे अंतर पडते. त्यावरून कोणी कोणाला बेनमाजी म्हणत नाही, हे चांगलेच आहे. पण मुले विचारतात, खरे कोणाचे? 'दोन्ही बरोबर' म्हणून त्यांना गप्प बसवणे आम्हाला पटत नाही. दोन्ही बरोबर असेल तर सावली मोजायची कशाला?

प्रश्न तौहीदचा किंवा रिसालतचा नाही, फिकहचा आहे. आणि तिथे इमाम शाफई (रह.) यांचेच उदाहरण आमच्या कामाचे आहे. बगदादमध्ये त्यांनी मते मांडली, शागीर्द तयार केले. इ. स. ८१४च्या सुमारास ते मिसरला गेले आणि तिथे त्यांनी कित्येक मते बदलली. 'रिसाला' हा ग्रंथ पुन्हा लिहिला. ८२० साली फुस्तातमध्ये त्यांचा इंतकाल झाला. बगदादचे ते जुने मत, मिसरचे ते नवे मत, असे फिकहची पुस्तके आजही नोंदवतात. मिसरचे हवापाणी वेगळे म्हणून मते बदलली, असे वाझांत सांगतात. हे उत्तर फार सोपे आहे. सूर्य बगदादमध्ये मावळतो तसाच मिसरमध्ये मावळतो, तरी मगरिबच्या वेळेबद्दलचे त्यांचे मत बदललेच.

जुन्या मतानुसार आकाशातली लाली जाईपर्यंत मगरिबची वेळ राहते. नव्या मतानुसार ती फार आखूड. वुजू, अजान, इकामत आणि पाच रकात यांपुरतीच. जुनी मते आपल्या नावावर सांगू नका, असे इमामांनी बजावल्याचेही सांगतात. एवढे ते नव्या मताशी ठाम होते. तरीही इमाम नववी (इंतकाल १२७७) यांच्यासारख्या शाफई आलिमांनी या मसल्यात जुनेच मत खरे मानले, कारण सहीह मुस्लिममधली हदीस त्या बाजूची होती. ही बंडखोरी नव्हती. सहीह हदीस मिळाली तर तोच माझा मजहब, हा नियम इमामांचाच. आपले मत कशाने खोटे ठरेल ते त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. आज संध्याकाळी पाळी सुटल्यावर घाईघाईत मशीद गाठणाऱ्या शाफई कामगाराला तेवढी सवड मिळते ती त्यामुळे.

आम्हाला मोकळेपणा म्हणून हेच अभिप्रेत आहे. 'असेलही, नसेलही' म्हणणारा माणूस मोकळा नसतो. त्याने काही धरलेलेच नसते, मग सोडणार काय?

असरच्या बाबतीत दोन रकाने पाडून भागते. निकाहमध्ये भागत नाही. आमच्याकडे वलीशिवाय निकाह होत नाही. हनफी फिकहनुसार सज्ञान मुलगी स्वतःचा निकाह स्वतः करू शकते. बोईसरच्या चाळींत दोन्हीकडची घरे भिंतीला भिंत लागून आहेत, सोयरिकी होणारच. आमचे मत वली हवाच असे आहे आणि आमच्या घरात आम्ही तेच करू. पण हनफी रीतीने झालेल्या निकाहला हराम म्हणून त्या घरच्या लेकरांकडे बोट दाखवायला आम्ही तयार नाही. चूक आमची असेल तर तिची किंमत त्या लेकरांनी का मोजावी?

आणि वलीचा आग्रह धरायचा तर पुरता धरावा. योग्य स्थळ आलेले असताना वलीने कारणाशिवाय अडवले, तर शाफई फिकहमध्येच तो हक्क काझीकडे जातो. आमच्या जमातींत ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही, कारण ती ऐकायला बापच समोर बसलेले असतात.